फाटकाजवळ तापणारी गाडी

धावत असली की आमची गाडी गुणाची होती. उभी राहिली की तिचं डोकं फिरायचं. गाडी अगदी तुझ्यावर गेली, असं माझी बहीण मला म्हणायची, आणि यात खोटं काही नव्हतं. रांगेत उभं राहणं मला आजही जमत नाही. शाळेत मुलांना मी "धीर धरा" असं रोज सांगतो, आणि बँकेत माझ्यापुढे चार माणसं असली की माझ्या कानशिलावरची शीर उडायला लागते.

ही गोष्ट दोन हजार आठच्या उन्हाळ्याची. गोंदिया जिल्ह्यात सौंदडपासून थोडं आत आमचं गाव. मी तिथल्याच शेजारच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवत होतो. घरी आई, बाबा, मी आणि माझ्याहून आठ वर्षांनी लहान बहीण. अडीच एकर धान, दोन बैल, आणि बहिणीचं दुखणं. तिला सिकलसेल होता. आमच्या पट्ट्यात हे नाव कोणाला समजावून द्यावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकून बसतात, आणि जिथे अडकतात तिथे हाड आतून कोणी पिळून काढतंय असं दुखतं. कधी गुडघे, कधी पाठ, कधी छाती. डॉक्टरांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं की दुखणं सुरू झालं की घरी वाट पाहत बसू नका, जितक्या लवकर सलाइन लागेल तितकं बरं. ऊन लागू देऊ नका, पाणी कमी पडू देऊ नका.

गोंदियाचा सरकारी दवाखाना आमच्यापासून पन्नास किलोमीटरच्या आसपास. गाडी नव्हती तेव्हा आम्ही तिला एसटीने न्यायचो. आधी कोहमाऱ्यापर्यंत, मग दुसरी बस. बसच्या प्रत्येक हादऱ्याला ती दुपट्टा दातांत धरायची, आणि लोक विचारायचे, पोरीचं काय झालं, बाहेरचं काही आहे का. म्हणून मी गाडी घेतली. जुनी, पांढरी, छोटी, एसी नावापुरता. आईने तिच्या पुढच्या काचेखाली छोटी बुद्धमूर्ती चिकटवली. गाडी दारात आली त्या दिवशी बहीण मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन आडवी झाली, जागा पुरते का ते पाहिलं आणि म्हणाली,

"बेस झालं दादा. आता मी दुखाले मोकळी झाली."

आई तिला रागावली. मी हसलो. पण मनातून मला त्या दिवशी जितकं मोठं वाटलं, तितकं नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं.

मार्चमध्ये गाडीने पहिल्यांदा दगा दिला. बहिणीच्या पायांत सकाळपासून कळा होत्या. हायवेवर गाडी कशी पाण्यासारखी गेली. गोंदियाच्या अलीकडे एक रेल्वे फाटक होतं, ते बंद. मालगाडी यायची होती. पुढे राइस मिलकडे जाणारे ट्रक, मागे ट्रॅक्टर, आणि मध्ये आम्ही. दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. मी इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि मूर्खासारखा पाहत उभा राहिलो.

फाटकाला लागून पंक्चरचं एक टिनाचं दुकान होतं. दुकानदार म्हातारा, पांढरी दाढी, लुंगी. सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. त्यांनी बादलीभर पाणी आणून दिलं, इंजिन निवेपर्यंत थांबायला लावलं आणि मला विचारलं, "गाड़ी खड़ी-खड़ी गरम होती है, कि चलते-चलते?"

"उभी असली की," मी म्हणालो.

"फिर जब गरम हो, तब मेरे पास लाना. ठंडी मत लाना."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, पंक्चरवाला माणूस, हा काय इंजिन पाहणार. शिकलेल्या माणसाची मिजास कुठे कुठे आडवी येते, याचा हिशेब मी नंतर पुष्कळ वेळा केला. तो उन्हाळा आम्ही वाया घालवला तो याच मिजाशीपायी.

आधी मी गाडी सौंदडच्या मेकॅनिककडे नेली. त्याने पाणी भरलं, हायवेवर ट्रायल मारली, परत आला. काटा निम्म्यावर. "काही नाही गुरुजी," तो म्हणाला, "पानी कमी होता." आठवड्याने गाडी बाजाराच्या गर्दीत पुन्हा तापली. मग गोंदियातलं मोठं गॅरेज. त्याने रेडिएटर उतरवून साफ केला, थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "अब गरम होने का सवाल ही नहीं, मास्टरजी." त्यानेही ट्रायल मारली. रिंग रोडवर, मोकळ्या रस्त्यावर, सकाळच्या गार हवेत. त्याने इंजिनपुढचा पंखाही पाहिला, तो भर्रकन फिरत होता, म्हणजे पंख्याची काळजी मिटली. दोघांनीही मला एकच प्रश्न विचारला होता की यापूर्वी समोरचं काही खोललं होतं का. दोघांनाही मी सांगितलं, नाही, कोणाचा हातच लागला नाही.

एप्रिलमधल्या त्या दिवसाबद्दल लिहायला मला आजही जड जातं, पण ते टाळलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

दुपारचे बारा वाजले होते. फाटक पुन्हा बंद. बहिणीला या वेळी छातीत दुखत होतं, म्हणजे सगळ्यात वाईट जागा. काटा चढायला लागला. मी इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. गाडीच्या आत भट्टी झाली होती. फाटक उघडलं, ट्रक हलले, आणि आमची गाडी चालूच होईना. मागून हॉर्न सुरू झाले. एक मोटरसायकलवाला जाता जाता म्हणाला, "गुरुजी, गाडी विका अन् बैलबंडी घ्या." दोघं-तिघं हसले. मी टायरला लाथ मारली. माझाच अंगठा दुखला. आणि मग मी मागचं दार उघडून बहिणीवर ओरडलो,

"तुला दुखायला पण आजचाच मुहूर्त सापडला का?"

नेहमी एका शब्दाला दोन शब्द देणारी माझी बहीण, तिने फक्त दुपट्ट्याचं टोक तोंडात धरलं आणि दुसऱ्या बाजूला मान वळवली. एका धानाच्या ट्रकवाल्याने तिला केबिनमध्ये घेतलं. मी शेजारी बसलो. चाचा गाडी ढकलून आपल्या दुकानाच्या सावलीला लावत होते, ते मला ट्रकच्या आरशात दिसलं. दवाखान्यात तिला सलाइन लागलं, चार दिवसांनी ती घरी आली. मी तिची माफी मागितली नाही. विषय निघाला नाही, तर आपण कशाला काढा, असा विचार केला. भावंडांत माफी कोण मागतं?

चाचांच्या दुकानाजवळून मी थंड झालेली गाडी परत आणली. तिसऱ्या मेकॅनिकने ती पाहिली आणि डोकं हलवलं. हेड गॅस्केट गेलं असणार, म्हणाला. इंजिन पूर्ण उघडावं लागेल, पंधरा दिवस गाडी माझ्याकडे ठेवा. "पंखा त मस्त फिरून राहिला, रेडिएटर साफ हाय, मंग राहिलं काय?" त्यानेही विचारलं, यापूर्वी काही खोललं होतं का. मी म्हणालो, नाही. आता तर मला सवयच झाली होती. पण पंधरा दिवस गाडीशिवाय राहायची माझी हिंमत होईना. मी म्हटलं, शाळेला सुट्ट्या लागल्या की आणतो.

बहिणीला गाडीची ही सगळी कर्मकथा माहीत होती. एकदा आई तिला काढा देत असताना ती म्हणाली, "आई, तिलेबी दे जरासा. गाडीलेबी सिकल झालाय, उभी राहिली का अडकते." आई हसली. मी हसलो नाही, कारण ते बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली. बहिणीला परवापासून दुखत होतं. तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. रात्री आई पाणी प्यायला उठली, तर ही गुडघ्यांना ओढणी करकचून बांधून भिंतीला टेकून बसलेली. दोन दिवस ती आमच्यासोबत जेवायला बसली होती, भांडी घासली होती, टीव्ही पाहिला होता. आईने विचारलं, काऊन नाही सांगितलं? तर ती म्हणाली,

"सांगितलं असतं त दादा गाडी काढला असता. मंग फाटकावर गाडी बंद पडली असती, लोकं हासले असते. दादाले लय लाज वाटते."

आईने हे जसंच्या तसं मला सांगितलं. मुद्दाम सांगितलं असणार. मी तसाच उठलो, गाडी दारात लावली. दोन दिवस म्हणजे किती असतात ते मला माहीत होतं. डॉक्टर ज्या 'लवकर'बद्दल बोलत होते, ते कधीच निघून गेलं होतं. आणि ते ना रस्त्यावर गेलं होतं, ना बसची वाट पाहण्यात. ते माझ्या तोंडून निघालेल्या एका वाक्यात गेलं होतं.

आई मागे बसली, बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन. ऊन चढायच्या आत पोचायचं होतं. हायवे, कोहमारा, गोरेगाव, सगळं ठीक. काटा निम्म्यावर. आणि फाटक बंद.

या वेळी मी गाडी रांगेत घातलीच नाही. सरळ चाचांच्या दुकानासमोर नेली आणि इंजिन चालूच ठेवलं. ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होते. त्यांनी आधी काटा पाहिला नाही, बॉनेट पाहिलं नाही. त्यांनी मागच्या काचेतून आत पाहिलं आणि म्हणाले, "पहले बच्ची को उतारो." दुकानाच्या मागे कडुनिंबाखाली त्यांची बाज होती. तिच्यावर बहिणीला झोपवलं. आईला माठ दाखवला. मग लुंगीला हात पुसत ते गाडीकडे आले.

"चाचा, बंद करू का?"

"बंद करोगे तो बीमारी भाग जाएगी. चलने दो."

काटा हळूहळू वर चढत होता. चाचांनी बॉनेट उघडलं, पण कशालाही हात लावला नाही. मी सवयीने रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "जल जाओगे." मग ते गाडीच्या समोर उकिडवे बसले. वाट पाहत राहिले. थोड्या वेळाने पंखा सुरू झाला, भर्रकन, नेहमीसारखा. ते म्हणाले, "अच्छा." कानामागची विडी काढली, पेटवली, एक झुरका घेतला, आणि पेटलेलं टोक समोरच्या जाळीजवळ धरलं.

धूर त्यांच्या दाढीत गेला.

त्यांनी विडी दुसऱ्या बाजूला धरली. धूर पुन्हा त्यांच्याच तोंडावर. त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा फाडून जाळीला लावला. तो तुकडा जाळीला चिकटायच्या ऐवजी फडफडत रस्त्यावर उडाला. चाचा माझ्याकडे पाहायला लागले. मला काही कळलं नव्हतं, ते माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार.

"मास्टरजी, पंखा हवा अंदर खींचता है. बाहर से ठंडी हवा, रेडिएटर में से, अंदर. आपका पंखा तो बाहर फेंक रहा है. इंजन की गरम हवा रेडिएटर पे मार रहा है." ते हसले. "गाड़ी चलती है तब सामने का वारा जीत जाता है. खड़ी हुई कि पंखा जीत गया."

मग ते वाकून पंख्याच्या वायरी पाहायला लागले. तिथे गुंडाळलेली काळी टेप त्यांनी नखाने खरवडली. "ये टेप कंपनी की नहीं है. पंखा किसने खोला था?"

तोंड उघडायच्या आधीच माझं उत्तर तयार होतं. "कोणीच नाही, चाचा."

कडुनिंबाखालून आवाज आला. बारीक, ओढलेला, पण स्पष्ट.

"खोटं काऊन बोलून राहिला दादा? धान उडवाले तूच त काढला होता."

आता ही गोष्ट मी तीन मेकॅनिकांपासून लपवली, तुम्हालाही आतापर्यंत सांगितली नाही. आधीच्या नोव्हेंबरात आमच्या खळ्यात मळणी झालेल्या धानाचा ढीग भुशासकट पडला होता. धान उडवायला वारा लागतो, आणि वारा मेला होता. एरवी लाइटचा पंखा लावून उडवलं असतं, पण त्या दिवसांत लाइट दिवसातून किती तास असायची ते आमच्या भागातल्या माणसाला विचारा. वरून ढग भरून आलेले. बाबा सूप हातात धरून नुसते आभाळाकडे पाहत होते. मग माझ्या डोक्यात आलं. गाडीचा पंखा बॅटरीवर चालतो. मी तो खोलला. प्लग जाम झाला होता, म्हणून सरळ वायरी कापल्या. उलट्या पिंपावर पंखा दोरीने बांधला, वायरी गाडीच्या बॅटरीला लावल्या. वारा आधी भलत्या बाजूने आला, तर मी पंखाच फिरवून बांधला. या पंख्याला दोन दिशा आहेत हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण बाबा सुपातून धान सोडत होते, भुसा लांब उडत होता, टपोरे दाणे पायाशी पडत होते, आणि गल्लीतले लोक जमून "आपला मास्तर त इंजिनिअर निघाला" म्हणत होते. अशा वेळी कोणाला काय कळतं? शेजारच्या दोन घरांचं धानही आम्ही त्या पंख्यावर उडवलं. संध्याकाळी पाऊस आला तेव्हा तिन्ही घरांची पोती छपराखाली होती. दुसऱ्या दिवशी मी पंखा जागेवर बसवला. जुन्या वायरी, दोन्ही काळ्या पडलेल्या, कोणती कुठली ते कळेना. जोडल्या, पंखा फिरला, टेप लावली, झालं. गाडी तापायला लागली ती पुढे उन्हाळ्यात. पंख्याचा आणि तिचा संबंध मी जोडला नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं असं आहे की मनाच्या एका कोपऱ्यात शंका होती. पण ज्या हातांना गावाने इंजिनिअर म्हटलं, त्याच हातांनी गाडी बिघडवली हे मेकॅनिकसमोर कबूल कोण करणार? काखेत कळसा होता, आणि तो मीच दाबून धरला होता.

हे सगळं मी चाचांना तुटक तुटक सांगितलं. वाटलं, हा माणूस आता आख्ख्या फाटकाला ऐकू जाईल असं हसेल. ते हसले, पण तसं नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आवाज न करता.

"मास्टरजी, आपका पंखा तो अभी तक धान ही उड़ा रहा है."

तेवढ्यात मालगाडी गेली. फाटक उघडलं. ट्रक गुरगुरायला लागले. माझी घाई उफाळून आली. बहिणीला दवाखान्यात पोचवायचं होतं, दोन दिवस आधीच गेले होते, आणि समोर रस्ता मोकळा झाला होता. "चाचा, मी येताना थांबतो," मी म्हणालो. "पंखा नंतर पाहू." चाचांनी हात बाजूला घेतले. आई उठून बहिणीला उठवायला लागली.

बहिणीने आईचा हात बाजूला केला. ओठ पांढरे पडले होते तिचे. ती म्हणाली, "करू दे त्याहीले. दहा मिनिटं मी थांबतो. पुढं गर्दीत गाडी तापली त मंग कायच्यानं जाशील?"

मी दहा मिनिटं उभा राहिलो. माझ्या आयुष्यातली वाट पाहण्याची ती एकमेव वेळ जेव्हा मी घड्याळ पाहिलं नाही. मी तिच्याकडेच पाहत होतो. चाचांनी इंजिन बंद करून टेप सोडली, तोंडात एक वायर धरून तिचं टोक सोललं, दोन वायरींची अदलाबदल केली, नवी टेप लावली. इंजिन चालू केलं. पंखा सुरू झाल्यावर पुन्हा विडी जाळीजवळ धरली. या वेळी धुराची बारीक रेघ सरळ आत गेली. वर्तमानपत्राचा तुकडा जाळीला जाऊन चिकटला आणि तिथेच राहिला. काटा आधी थांबला, मग सावकाश खाली यायला लागला. तीन महिने मी या काट्याला शिव्या घातल्या होत्या. त्या क्षणी मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"थर्मोस्टेट भी वापस लगवा लेना," चाचा म्हणाले. "उसका कोई कसूर नहीं था."

बहिणीला गाडीत ठेवताना मी त्यांना काय म्हणालो ते आठवत नाही. काहीतरी अर्धवट. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा बेटी, तेरे भाई की गाड़ी अब ठंडी है. भाई का मालूम नहीं." ती एवढ्या दुखण्यातही हसली. गोंदियाच्या गर्दीत आम्ही पाऊण तास सरकत होतो. राइस मिलसमोर ट्रकांच्या मधे एकदा अर्धा मैल रांग लागली. काटा मधोमध उभा होता.

ती नऊ दिवस दवाखान्यात होती. रक्त चढवावं लागलं. उशीर केला, डॉक्टर म्हणाले, थोडा आणखी झाला असता तर. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. तिसऱ्या दिवशी, आई डबा आणायला गेली असताना, मी तिची माफी मागितली. शब्द फार नव्हते. म्हणालो, त्या दिवशी मी जे बोललो ते चुकीचं बोललो. ती सलाइनच्या नळीकडे पाहत म्हणाली, "माहीत हाय मले." बस.

चाचांचं ऋण मी नीट कधीच फेडलं नाही. नंतरची काही वर्षं फाटकावरून जाताना थांबायचो, चहा प्यायचो. दरवर्षी नवं धान आलं की एक पोतडी घेऊन जायचो आणि ते दरवर्षी विचारायचे, "इस बार किस पंखे से उड़ाया?" पुढे तिथे उड्डाणपूल व्हायचं ठरलं, फाटकाजवळची दुकानं उठली. एकदा गेलो तर टिनाच्या जागी गिट्टीचा ढीग. कोणी म्हणालं, मुलाकडे देवरीला गेले. देवरीच्या स्टँडवर मी दोनदा चौकशी केली, पण नावच माहीत नव्हतं, कोणाला काय विचारणार? पंक्चरवाले चाचा म्हटलं तर लोकांनी मला चार चाचा दाखवले. ज्या माणसाने माझ्या घरावर एवढे उपकार केले, त्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. याची मला अजून लाज वाटते. पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी वाटतं, आणि ते हे की असा माणूस नेमका आमच्याच फाटकावर बसला होता.

त्यांनी मला काय दिलं ते मला त्याच पावसाळ्यात कळलं. धानाच्या रोवणीचे दिवस होते. सकाळी मी शाळेच्या शर्टाला इस्त्री करत होतो. बाबा बांधीत, धानाच्या वाफ्यात गेले होते. बहीण दारात येऊन उभी राहिली, चौकट धरून.

"दादा, दुखून राहिला."

"कधीपासून?"

"आताच. चहा पेता पेता."

मी इस्त्री उभी ठेवली. आताच, ती म्हणाली होती. परवापासून नाही, काल रात्रीपासून नाही. तिने आईला सांगितलं नव्हतं, भिंतीला टेकून वाट पाहिली नव्हती, ओढणी बांधली नव्हती. पहिल्या कळेबरोबर ती उठून माझ्याकडे आली होती.

फाटक त्या दिवशीही बंद होतं. पुढे ट्रकांची, मागे ट्रॅक्टरांची रांग. मी आरशात पाहिलं. गोळी घेऊन माझी बहीण मागच्या सीटवर गाढ झोपली होती.